स्पेनमध्ये बिऱ्हाड थाटण्यापूर्वी : गावाची निवड कशी करावी?

आपल्या मंडळातील ज्या सभासदांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, अशांची संख्या आता बरीच मोठी झाली आहे. पूर्वी ही मुले इंग्लंड-अमेरिकेला जात. अलीकडे जर्मनी, आयर्लंड आणि स्पेन ही नावे घरोघरी ऐकू येतात. स्पेनचा तर बडोद्याशी आता प्रत्यक्ष व्यवहार जुळला आहे. भारतीय वायुदलासाठी २०२१ मध्ये ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला. त्यांतील १६ विमाने स्पेनमधील सेव्हिल येथून तयार होऊन यावयाची आणि उरलेली ४० बडोद्यात बांधावयाची, असे ठरले. त्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या व स्पेनच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाले, हे बहुतेकांना स्मरत असेल.

माझी कन्या व जावई गेली काही वर्षे व्हॅलेन्सिया शहरात नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्याकडे मी एक संपूर्ण हिवाळा आणि एक उन्हाळा काढला. परतल्यापासून रुग्ण, स्नेही व समव्यवसायी मला एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, निवृत्तीनंतर चार वर्षे तिकडे जाऊन राहावे म्हणतो. कोणते गाव चांगले?" वास्तविक या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. रुग्णाला न तपासता औषध सांगावे, तसा तो प्रकार होईल. म्हणून गाव निवडताना कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने पाहाव्यात, हे येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

पहिली पायरी : आपण कोणत्या दाराने जाणार?

समुद्रकिनाऱ्याची चित्रे पाहण्याआधी कायद्याकडे पाहावे. पर्यटकाच्या व्हिसावर शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. त्याहून अधिक राहावयाचे तर निवासाचा परवाना हवा. मालमत्तेत पाच लाख युरो गुंतवून परवाना मिळविण्याचा मार्ग स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून बंद केला आहे. तरीही 'घर घ्या, परवाना मिळवा' असे सांगणारे दलाल आपल्याकडे अजून भेटतात, त्यांच्यापासून सावध राहावे.

निवृत्तांसाठी मुख्य मार्ग उरतो तो अर्थार्जनाविना निवासाचा. यासाठी स्पेन सरकार 'इप्रेम' नावाचा एक निर्देशांक वापरते. २०२५ मध्ये तो महिना ६०० युरो होता. अर्जदाराने त्याच्या चौपट, म्हणजे महिना २,४०० युरो आणि सोबतच्या प्रत्येक व्यक्तीसाठी आणखी ६०० युरो एवढे साधन दाखवावे लागते. पती-पत्नी मिळून वर्षाला ३६,००० युरो झाले. यासोबत स्पेनमध्ये चालणारा संपूर्ण खाजगी आरोग्यविमा लागतो, आणि सत्तरीच्या घरातील माणसाला तो मिळविणे हीच अनेकदा खरी परीक्षा असते. पहिला परवाना एक वर्षाचा असून पुढे दोन-दोन वर्षांनी त्याचे नूतनीकरण होते. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर दीर्घकालीन निवासासाठी अर्ज करता येतो.

आपल्या समव्यवसायींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. या परवान्यावर काम करता येत नाही. तेथे बसून येथील रुग्णांना दूरध्वनीवरून सल्ला देऊ आणि फी घेऊ, हा विचारही मनातून काढून टाकावा. तेथे रीतसर व्यवसाय करावयाचा तर पदवीला तेथील शासनाची मान्यता, स्पॅनिश भाषेवर प्रभुत्व आणि वैद्यकीय परिषदेत नोंदणी या तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पदवीच्या मान्यतेलाच दीर्घ काळ लागतो.

मुलाने आईवडिलांना बोलावून घेण्याचीही सोय आहे. परंतु त्यासाठी साधारणतः मुलाकडे दीर्घकालीन निवासाचा परवाना असावा लागतो, आईवडिलांचे वय ६५ च्या वर असावे लागते आणि ते त्याच्यावर अवलंबून असल्याचे पुरावे द्यावे लागतात. मुलगा गेल्या वर्षी नोकरीला लागला आणि यंदा आईवडील कायमचे गेले, असे घडत नाही.

दुसरी पायरी : हवापाणी

आपल्या पूर्वीच्या वैद्य-डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'हवापालट' हा एक उपचारच असे. स्पेनबाबत हवा म्हटले की सर्वांना निळे आकाश आठवते. परंतु एकाच देशात हवेचे किती प्रकार असावेत! वायव्येकडील गॅलिसिया प्रांत कोकणासारखा ओलाचिंब आहे, तर आग्नेयेकडील आल्मेरिया येथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. बडोद्याचा पाऊस सुमारे ९०० मिलिमीटर, व्हॅलेन्सियाचा त्याच्या निम्मा. अंदालुसियाच्या आतील भागात, सेव्हिल-कोर्दोबा परिसरात, उन्हाळा आपल्या वैशाखाची आठवण करून देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्दोबा जिल्ह्यात तापमान ४७ अंशांच्या वर गेले होते. हृदयविकार असलेल्या किंवा मूत्रल औषधे घेणाऱ्या वृद्धाने हे गाव निवडताना दहादा विचार करावा. याउलट ग्रॅनाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच, बर्फाच्छादित सिएरा नेवादाच्या पायथ्याशी आहे. तेथील हिवाळ्याच्या रात्री गोठविणाऱ्या असतात.

आश्चर्य वाटेल, पण किनाऱ्यावरील सौम्य हिवाळाही वृद्धांना बाधतो. याचे कारण घरांच्या रचनेत आहे. दक्षिण व पूर्व किनाऱ्यावरील जुनी घरे उन्हाळ्यापासून बचाव व्हावा म्हणून बांधलेली असतात. जमिनीवर फरशी, खिडक्यांच्या फटी आणि घर उबदार ठेवणारी मध्यवर्ती यंत्रणा नाही. व्हॅलेन्सियाला जानेवारीत बाहेर कोवळ्या उन्हात मी सदऱ्यावर फिरत असे, आणि घरात मात्र पारा १५ अंशांवर असल्यामुळे शाल पांघरून बसत असे. दमेकरी व सांधेदुखीच्या रुग्णांना हा घरातील गारठा अधिक त्रास देतो. म्हणून घर पाहताना खिडक्यांना दुहेरी काचा आहेत काय, सूर्य कोणत्या दिशेने येतो आणि भिंतींना ओल आहे काय, हे आधी पाहावे.

पाण्याविषयीही दोन शब्द. बडोद्यात विमान कारखान्याच्या उद्घाटनाचा समारंभ झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, व्हॅलेन्सिया प्रांतात प्रलयंकारी पूर आला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भूमध्य समुद्राचे पाणी उन्हाळाभर तापते, शरदात वरून थंड हवा येते आणि काही तासांत वर्षभराचा पाऊस कोसळतो. यास तिकडे 'गोता फ्रीआ', म्हणजे 'थंड थेंब', असे म्हणण्याची रीत आहे. या शहराने १९५७ मध्येही असाच पूर पाहिला होता. त्यानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळविण्यात आली आणि जुन्या पात्रात मैलोगणती लांबीचे उद्यान झाले. त्या नव्या पात्रामुळे २०२४ मध्ये मुख्य शहर बचावले, परंतु दक्षिणेकडील पाइपोर्ता, कातारोखा यांसारखी उपनगरे बुडाली. विश्वामित्रीचा पूर अनुभवलेल्या बडोदेकरांना याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. तेथील शासनाने पूरक्षेत्रांचे नकाशे सर्वांना पाहण्यासाठी खुले ठेवले आहेत. स्वस्त भाड्याचे तळमजल्यावरील घर घेण्यापूर्वी ते अवश्य पाहावेत.

तिसरी पायरी : दवाखाना किती दूर?

स्पेनची राष्ट्रीय आरोग्यसेवा १९८६ च्या कायद्याने आकारास आली. तिचा कारभार १७ स्वायत्त प्रांतांकडे आहे. प्रत्येक वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, प्रत्येक नागरिकाला नेमून दिलेला कुटुंबवैद्य आणि त्याच्या चिठ्ठीनेच पुढे तज्ज्ञाकडे, अशी ही रचना आहे. अवयवदानात तर हा देश जगात अग्रभागी आहे. १९८९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभारली. रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनाच समन्वयक नेमले, आणि आज तेथे दर दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे ५० मृत्यूपश्चात अवयवदाते मिळतात. आपल्या मंडळाने कधीतरी या विषयावर स्वतंत्र परिसंवाद ठेवावा, अशी सूचना जाता जाता करतो.

परंतु नवागत परदेशी निवृत्ताला ही सेवा पहिल्या दिवसापासून मिळत नाही. पहिले वर्ष खाजगी विम्यावर काढावे लागते. एक वर्षाच्या वास्तव्यानंतर 'विशेष करार' करून सार्वजनिक सेवेत प्रवेश घेता येतो. २०१३ च्या नियमानुसार त्याचे शुल्क ६५ वर्षांखालील व्यक्तीस महिना ६० युरो व त्यावरील व्यक्तीस १५७ युरो असे आहे. त्यात जुन्या आजारांमुळे नकार मिळत नाही, ही मोठीच जमेची बाजू. मात्र बाहेरून घ्यावयाच्या औषधांवरील सवलत त्यात नसते. मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णाने हा खर्च आधीच हिशेबात धरावा. जाताना औषधांची नावे कंपनीच्या नव्हे, मूळ घटकांच्या नावाने लिहून न्यावीत. आपल्याकडील एकत्रित गोळ्यांपैकी कित्येक तेथे मिळतच नाहीत.

गाव निवडताना म्हणून नकाशावर दोन वर्तुळे काढावीत. एक, पायी दहा मिनिटांत आरोग्य केंद्र व औषधांचे दुकान. दुसरे, अर्ध्या तासात अँजिओप्लास्टी व पक्षाघातावर उपचार होणारे मोठे रुग्णालय. व्हॅलेन्सियाचे ला फे, सेव्हिलचे विर्खेन देल रोसिओ, बार्सिलोनाचे वाल देब्रोन ही मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. डोंगरउतारावरील पांढरीशुभ्र खेडी छायाचित्रात फार मोहक दिसतात. परंतु रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर त्या वळणावळणाच्या रस्त्याने रुग्णवाहिका केव्हा येणार, हा प्रश्न डॉक्टरने तरी विसरू नये. तातडीच्या मदतीसाठी सर्व देशात ११२ हा एकच क्रमांक आहे.

चौथी पायरी : भाषा आणि शेजार

स्पेनमध्ये सर्वत्र स्पॅनिश चालते हे खरे. परंतु बार्सिलोना व काटालोनिया प्रांतात काटालान, व्हॅलेन्सियात तिचीच भगिनी व्हॅलेन्सियन आणि बालेआरिक बेटांवरही काटालानचेच रूप या भाषांना राजमान्यता आहे. शाळा, नगरपालिका, रस्त्यांवरील पाट्या येथे त्या दिसतात. नातवंडे ज्या प्रांतात वाढणार, तेथील शाळेची भाषा आधी विचारून घ्यावी. अंदालुसियात हा प्रश्न उद्भवत नाही.

आपण बडोद्याची मराठी माणसे या बाबतीत अनुभवी आहोत. गायकवाडांबरोबर आलेल्या आपल्या पूर्वजांनी घरात मराठी जपली आणि बाजारात गुजराती आत्मसात केली, म्हणूनच आपण येथे रुजलो. ज्यांनी भाषा शिकली नाही ते पाहुणेच राहिले. तोच न्याय तेथेही लागू आहे. कोस्ता देल सोल आणि आलिकांतेच्या किनाऱ्यावर इंग्रज निवृत्तांच्या वसाहती आहेत. तेथे इंग्रजीवर दिवस निघतात. पण सहा महिन्यांनी शेजारची व्यक्ती मायदेशी परतते आणि ओळखी पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात. उलट सामान्य स्पॅनिश वस्तीत चौकातील बाकावर रोज संध्याकाळी तीच आजोबा मंडळी भेटतात. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये का होईना, त्यांच्याशी चार शब्द बोलता आले, की एकटेपणाला उतार पडतो. माझ्या मते वृद्ध स्थलांतरिताचा सर्वांत दुर्लक्षित आजार हाच आहे.

भारतीयांचा सहवास हवा असल्यास बार्सिलोना सोयीचे. तेथे पंजाबी समाज मोठा असून आपले धान्य-मसाले सहज मिळतात. दक्षिणेकडे सिंधी व्यापारी फार पूर्वीपासून आहेत. जिब्राल्टर व सेउता येथे त्यांनी बांधलेली हिंदू मंदिरेही आहेत. मराठी कुटुंबे मात्र विखुरलेली. शाकाहाराचे म्हणाल तर घरी स्वयंपाक करणाऱ्यास अडचण नाही. हरभरा, मसूर, तांदूळ, वांगी, पालक, टोमॅटो सर्व उत्तम मिळते. व्हॅलेन्सियाजवळच्या आल्बुफेरा तलावाकाठी तर भाताची शेतेच आहेत. बाहेर खाताना मात्र 'भाजी' म्हणून मागविलेल्या पदार्थात मांसाचे तुकडे किंवा सॅलडमध्ये मासा निघतो. आधी विचारून घ्यावे.

गावांची धावती तुलना

बार्सिलोना : सोयी, दळणवळण व भारतीय समाज यांत सरस. परंतु भाडी फार, गर्दी फार. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुष्काळामुळे या परिसरात पाण्याची आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

व्हॅलेन्सिया : सुमारे आठ लाख वस्तीचे, सपाट, पायी फिरण्याजोगे. माद्रिदला वेगवान रेल्वेने सुमारे दोन तासांत जाता येते. वृद्धांच्या गुडघ्यांना मानवणारे गाव. पूरक्षेत्र मात्र पाहून घ्यावे.

मालागा : हिवाळा सर्वांत सुखद, विमानतळ मोठा. काही वस्त्या चढ-उताराच्या. गेल्या दशकात भाडी झपाट्याने वाढली.

आलिकांते : लहान, तुलनेने स्वस्त, कोरडी हवा. किनाऱ्यावरील कित्येक वसाहती हिवाळ्यात ओस पडतात.

सेव्हिल : सुंदर, सुसंस्कृत, सपाट. जून ते सप्टेंबर हे चार महिने कठीण.

ग्रॅनाडा : विद्यापीठाचे गाव, खर्च कमी. थंडी आणि चढण या दोहोंची तयारी हवी.

पाचवी पायरी : घर, कर आणि मृत्युपत्र

पहिली दोन वर्षे घर भाड्यानेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथील कायद्याप्रमाणे मालक व्यक्ती असेल तर भाडेकरूस पाच वर्षांपर्यंत संरक्षण आहे आणि वैधानिक अनामत एक महिन्याच्या भाड्याएवढी असते. प्रत्यक्षात परदेशी निवृत्ताकडे अधिक हमी मागितली जाते. जुन्या इमारतींत उद्वाहक नसतो. तिसरा मजला आज चढवतो, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय? घर मिळताच नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत, तिला 'पाद्रोन' म्हणतात, नाव घालावे. आरोग्य केंद्र, शाळा, पुढील सर्व अर्ज यांची सुरुवात त्या एका कागदापासून होते.

एक नैतिक मुद्दाही मांडतो. २०२४ मध्ये बार्सिलोना, मालागा इत्यादी शहरांत स्थानिकांनी घरभाड्याविरुद्ध मोठे मोर्चे काढले. पर्यटक व श्रीमंत परदेशी यांच्यामुळे आपल्याच मुलांना गावात घर मिळेनासे झाले, ही त्यांची तक्रार आहे, आणि ती निराधार नाही. मागेल ते भाडे देऊन टाकणारा नवागत शेजाऱ्यांच्या मनातून आधीच उतरतो.

वर्षात १८३ दिवसांहून अधिक स्पेनमध्ये राहणारा तेथील करदाता ठरतो आणि त्याच्या जगभरातील उत्पन्नावर तेथे कर लागतो. भारत व स्पेन यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९९३ मध्ये झाला, त्यामुळे दोनदा भुर्दंड पडत नाही. परंतु आपल्याकडे करमुक्त असलेले भविष्यनिधीचे व्याज तेथेही करमुक्तच धरले जाईल, असे गृहीत धरू नये. ५०,००० युरोंच्या वर परदेशी ठेवी वा मालमत्ता असल्यास तिचे विवरणही द्यावे लागते. संपत्तीकर प्रांताप्रांतांत भिन्न आहे. म्हणजे गावाची निवड ही कराचीही निवड ठरते. जाण्यापूर्वी दोन्हीकडील जाणकारांचा सल्ला घेणे हिताचे.

शेवटचा विषय अप्रिय, पण आवश्यक. युरोपीय संघाच्या वारसा नियमाप्रमाणे १७ ऑगस्ट २०१५ नंतरच्या मृत्यूंबाबत, मृत व्यक्ती जेथे नेहमी राहत होती तेथील कायदा सर्वसाधारणपणे लागू होतो. स्पॅनिश कायद्यात संपत्तीचा मोठा भाग मुलांसाठी राखीव असतो. त्यामुळे 'माझ्यामागे सर्व पत्नीला' ही इच्छा आपोआप पूर्ण होणार नाही. मृत्युपत्रात 'माझ्या राष्ट्रीयत्वाचा कायदा लागू व्हावा' असे स्पष्ट लिहिण्याची मुभा आहे. ती अवश्य वापरावी. दहनाची सोय बहुतेक शहरांत आहे, परंतु मृत्यूनंतर साधारणतः २४ तास थांबावे लागते. घरच्यांना हे आधी ठाऊक असले, म्हणजे त्या प्रसंगी धावपळ होत नाही.

तात्पर्य

एखादे गाव योग्य की अयोग्य, हे त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात ओळखावे. किनाऱ्यावरील गावी जानेवारीत राहून पाहावे, आतील गावी जुलैत. पर्यटकाच्या व्हिसावर महिनाभर भाड्याचे घर घ्यावे. रोज बाजारात जावे, बसने रुग्णालयापर्यंत जाऊन यावे, नगरपालिकेच्या कचेरीत एकदा रांगेत उभे राहावे. त्यानंतर पती-पत्नींनी स्वतंत्रपणे आपापले मत कागदावर लिहावे आणि मग एकमेकांस दाखवावे. निर्णय बहुधा एकट्या यजमानांचा असतो आणि परक्या गावातील एकांत मात्र गृहिणीच्या वाट्याला अधिक येतो, हे मी दोन्ही देशांत पाहिले आहे.

आणि एक प्रश्न स्वतःस विचारावा. आपण दोघांपैकी एकच उरलो, तर त्या एकट्याला या गावी राहता येईल काय? गाडी न चालविता, मुलाची वाट न पाहता, औषध, भाजी आणि चार शब्द बोलावयास माणूस मिळेल काय? ज्या गावाबद्दल याचे उत्तर 'होय' येईल, ते गाव निवडावे, मग तेथून समुद्र दिसो वा न दिसो. आणि उत्तर 'नाही' आले, तर वर्षातून तीन महिने मुलांकडे जाऊन यावे आणि आपले बडोद्याचे घर मोडू नये. यातही कमीपणा काही नाही.